काढा, गोळी आणि जुळी

जुलैतल्या त्या सकाळी तृप्ती बुरोंडकरने सातवं कलम वाया घालवलं आणि चाकू मिटून ती पाटावरून उठली.

कोय कलम बांधणं हे नजरेचं आणि बोटांचं काम. रुजलेल्या कोयीचं रोप जेमतेम पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस, देठ कोवळा. त्याचा शेंडा उडवायचा, देठाला मधोमध उभी चीर द्यायची, आंब्याची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून पट्टी आवळायची. साल सालीला भिडली तर कलम जगतं. केसभर चुकलं तर आठ दिवसांत काळं पडतं.

दापोलीच्या आसपासच्या बऱ्याच रोपवाटिकांत २०४१ सालापर्यंत कलमं बांधणारी यंत्रं आली होती. यंत्र न थकता दिवसाला दोन हजार कलमं बांधत असे, पण त्यातली शंभरात सत्तर जगत. तृप्तीची शंभरात चौऱ्याण्णव जगत. म्हणून कुठल्या कुठल्या घरांमागच्या परड्यांतली, एकेकच झाड उरलेली जुनी वाणं तिच्याकडे येत. एका झाडाच्या बाराच काड्या मिळणार असतील तर त्या यंत्राच्या हाती कोण देईल?

आणि आता त्याच हातांना कंप सुटला होता.

"राहू दे आज," महेंद्र म्हणाला. तृप्तीचा नवरा रोपांना पाणी आणि खत घालण्याचं बघायचा. तिच्या पाटापाशी पडलेले तुकडे त्याने गोळा केले.

"आज राहू दे, उद्या राहू दे. हंगाम दीड महिन्याचा असतो हो," तृप्ती म्हणाली. "हात आहे की पिंपळाचं पान, तेच कळत नाही."

कंप कशाचा हे दोघांनाही ठाऊक होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर मागच्या बाजूला एक डबी होती आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला ती 'थायरॉइडची' म्हणून माहीत होती. तिच्यातल्या गोळ्या लिथियमच्या होत्या.

नऊ वर्षांपूर्वी, सदतिसाव्या वर्षी, तृप्ती पाच दिवस झोपली नव्हती. तिला झोप नकोच होती. डोक्यात कल्पनांचे लोंढेच्या लोंढे येत होते. तिने रोपवाटिकेतल्या सगळ्या रोपांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या, 'झाडाला नाव कशाला हवं' म्हणून. मग रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिने अकराशे कलमं वाटून टाकली. त्यानंतरचे चार महिने ती अंथरुणातून उठली नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळी दिली आणि त्या गोळीने तिचं आयुष्य पुन्हा रांगेला लावलं. नऊ वर्षांत पुन्हा तसं काही झालं नाही. फक्त बोटं थोडी थोडी थरथरत. ती सवयीची झाली होती. या वर्षी मात्र थरथर वाढली.

नातेवाइकांना 'मोठा टायफॉइड आणि मग थायरॉइड' एवढंच सांगितलं होतं. सरकारी आरोग्यखात्यात प्रत्येकाच्या औषधांची नोंद असते, पण तिथेही तृप्तीने ती ओळ 'फक्त मला दिसेल' असं करून कुलूपबंद ठेवली होती.

दुपारी महेंद्रची थोरली बहीण आली. चारुलता, घरातली चारूताई. वेळशेतच्या टेकडीवर तिचं 'सुवर्चला' नावाचं छोटं निसर्गोपचार केंद्र होतं. नवरा गेल्यावर तिने शाळेतली नोकरी सोडून ते उभं केलं होतं. सरळ बाई. खोटं आश्वासन द्यायची नाही, आणि आजाऱ्यापाशी बसली की तास तास बसायची. 'ताईंच्या हाताला गुण आहे' असं चिपळूणपर्यंत लोक म्हणत.

तिने तृप्तीचा हात हातात घेतला. "हे असं कधीपासून?"

"झालं महिनाभर."

"थायरॉइडच तो. तुझी ती गोळी नऊ वर्षं शरीरात साचतेय. माझ्याकडे ये एकवीस दिवस. नाहीतरी या हाताने तू इथे काय करणार आहेस?"

तृप्तीने महेंद्रकडे पाहिलं. महेंद्रने खाली पाहिलं. दोघांच्याही मनात एकच विचार होता. गोळी चालू ठेवायची आणि सोबत काढा, व्यायाम. नैसर्गिक गोष्टींनी कुणाचं काय बिघडलंय?

खरं म्हणजे महेंद्रने डॉक्टरांना फोन करायला हवा होता. त्याने नंबर काढलाही. पण डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगणार, पुन्हा तालुक्याला जायचं, पुन्हा मनोविकार विभागाच्या खिडकीपाशी कुणीतरी ओळखीचं भेटणार. त्याने फोन खिशात टाकला.

*

'सुवर्चला'तले पहिले दहा दिवस तृप्तीला कितीतरी वर्षांत गेले नव्हते इतके चांगले गेले.

पहाटे साडेपाचला चारूताई सगळ्यांना आवारातल्या पडवीत बसवायची आणि श्वासाचा वर्ग घ्यायची. लांब, सावकाश श्वास, सोडतानाचा घेतानाच्या दुप्पट. मग उजाडताना टेकडीवर फेरी. जेवण अळणी. चहा बंद. एक दिवसाआड वाफेच्या खोलीत पंधरा मिनिटं घाम काढायचा. सकाळ-संध्याकाळ दोन काढे, एक ब्राह्मीचा मन शांत होण्यासाठी आणि दुसरा पुनर्नवेचा, शरीरातलं साचलेलं पाणी निघून जाण्यासाठी.

तृप्ती गाढ झोपू लागली. फोनवर महेंद्रला म्हणाली, "अहो, आत कुणीतरी केर काढल्यासारखं वाटतंय." डबी तिच्या पिशवीच्या तळाशी होती. रोज जेवणानंतर ती मोरीत जाऊन गोळी घ्यायची.

अकराव्या दिवशी तिला मळमळलं. बाराव्या दिवशी जुलाब झाले आणि हाताचा कंप दंडापर्यंत चढला. तेराव्या दिवशी पाण्याचा तांब्या तिच्या हातून सुटला.

चारूताईला असं दिसणं नवीन नव्हतं. तिच्या शास्त्रात याला नाव होतं. "शुद्धी होतेय," ती तृप्तीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "साचलेलं बाहेर पडताना त्रास देतंच. दोन दिवस सोस. काढा थोडा वाढवू या."

चौदाव्या दिवशी सकाळी पडवीच्या तीन पायऱ्या उतरताना तृप्ती दारू प्यायलेल्या माणसासारखी झोकांडली आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते चारूताईला कळलं नाही. शब्द एकमेकांत चिकटले होते.

चारूताईने तिच्या डोळ्यांत पाहिलं. शास्त्र काहीही म्हणो, ही शुद्धी नव्हे हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिने एक मिनिटही घालवलं नाही. तृप्तीला गाडीत घातलं आणि स्वतः गाडी हाणत पाऊण तासात दापोलीच्या रुग्णालयात आणलं. वाटेत महेंद्रला फोन केला तेव्हा तिच्या तोंडून एवढंच निघालं, "तू ये. आधी ये."

तपासणीच्या खोलीत डॉ. सलमा परकार होत्या. मनोविकारतज्ज्ञ, पस्तिशीच्या, मूळच्या दाभोळच्या. त्या दिवशी त्या योगायोगाने तातडीच्या विभागात दुसऱ्याच एका रुग्णाला बघायला आल्या होत्या. टेबलावरची बाई थरथरताना त्यांनी पाहिली आणि त्या थांबल्या.

"कुठली औषधं चालू आहेत यांना?"

"काही नाही," चारूताई म्हणाली. "थायरॉइडची एक गोळी आणि माझे दोन काढे. सगळं वनस्पतीचं आहे. मी स्वतः उकळते."

"थायरॉइडची कुठली?"

"ते... मला नाव ठाऊक नाही."

तृप्तीला सगळं ऐकू येत होतं. पाण्याखालून ऐकावं तसं. महेंद्र अजून पोचला नव्हता. आपण बोललो नाही तर कुणालाच कळणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. आणि बोललो तर शेजारी चारूताई उभी आहे, हेही. नऊ वर्षं सांभाळलेली गोष्ट. तिने डॉक्टरांच्या कोटाची बाही पकडली.

"लि... थि..." जीभ तोंडात भाकरीच्या तुकड्यासारखी पडली होती. "थिय..."

चारूताई वाकली. "काय म्हणतेय? तिथे? तिथे काय, तृप्ती?"

पण डॉ. सलमांनी मान वर केली होती. "लिथियम?"

तृप्तीने डोळे मिटले आणि मान हलवली. त्या एका होकारासरशी तिच्या अंगातून काहीतरी निघून गेलं. भीती होती की बळ, ते तिचं तिलाच कळलं नाही.

अर्ध्या तासात रक्ताचा आकडा आला. जिथे जास्तीत जास्त एक असायला हवा, तिथे दोन पूर्णांक तीन होता.

*

सलाइन सुरू झालं. रक्त शुद्ध करायचं यंत्र खाटेशेजारी आणून ठेवलं, पण ते लावायची वेळ आली नाही. दर सहा तासांनी आकडा उतरत गेला. दोन, दीड, सव्वा. तिसऱ्या दिवशी तृप्तीने स्वतःच्या हाताने पेज खाल्ली. अर्धी सांडली, पण खाल्ली.

त्या दुपारी वॉर्डच्या दारात भाऊ-बहीण उभे होते. त्यांना वाटलं तृप्ती झोपली आहे.

"थायरॉइड!" चारूताईचा आवाज दबलेला होता, पण फाटला होता. "नऊ वर्षं मला थायरॉइड सांगत आलात. मी थायरॉइड समजून काढा देत होते रे तिला! काही झालं असतं तर? माझ्या हातून झालं असतं, महेंद्र. माझ्या हातून!"

"ताई, तुला सांगणार कसं?" महेंद्र म्हणाला. "तूच म्हणायचीस ना, डोक्याच्या गोळ्या म्हणजे माणसाला गुंगीत ठेवायचे उद्योग. दर दिवाळीला म्हणायचीस. ती बाजूला बसून फराळाची ताटं भरायची आणि ऐकायची."

मग चारूताईच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला.

'सुवर्चला'च्या फाटकाला दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं.

*

तृप्ती घरी आली. गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली. हंगाम गेलाच होता. पण डॉ. सलमांना एक प्रश्न सोडत नव्हता. चार महिन्यांपूर्वी ठीक असलेलं रक्त दोन आठवड्यांत इतकं कशाने चढलं?

"तुमची जुळी करू या," त्या म्हणाल्या.

रत्नागिरीला गेल्याच वर्षी मिश्रण तपासणी कक्ष सुरू झाला होता. तिथे जे करत त्याचं खरं नाव लांबलचक होतं, लोक त्याला 'जुळी' म्हणत. तृप्ती आणि महेंद्रला डॉ. सलमांनी ते असं समजावलं.

शरीरातल्या प्रत्येक पेशीकडे अख्ख्या शरीराचं पुस्तक असतं. फक्त प्रत्येक पेशी आपापलं पान उघडून बसलेली असते. यकृताची यकृताच्या पानावर, त्वचेची त्वचेच्या. रक्तातल्या थोड्या पेशी घ्यायच्या, त्यांना पुस्तक मिटायला लावून पुन्हा पहिल्या पानावर आणायचं आणि तिथून हवं ते पान उघडायला शिकवायचं. सहा-सात आठवड्यांत त्यांतून आतड्याचा, यकृताचा आणि मूत्रपिंडाचा एकेक कण तयार होतो. टपालाच्या तिकिटाएवढ्या पारदर्शक पट्टीवर हे तीन कण बारीक नळ्यांनी जोडायचे आणि त्यातून रक्तासारखा द्रव खेळवायचा. झाली जुळी. तुम्ही जे गिळता ते आधी तिला गिळायला लावायचं.

"म्हणजे मला व्हायचा तो त्रास तिला होणार?" तृप्तीने विचारलं.

"तिला त्रास होत नाही. तिला डोकंच नाही," डॉ. सलमा हसल्या. "तेवढं मात्र तिला नाही, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल."

ऑक्टोबरात निकाल आला. रत्नागिरीला जायच्या आदल्या दिवशी तृप्तीने चारूताईला फोन केला. तिसऱ्या खेपेला तो उचलला गेला.

"तुमचा काढा त्यात आहे," तृप्ती म्हणाली. "तुम्ही यायलाच हवं."

"विष म्हणून सिद्ध झालेलं बघायला?"

"काय सिद्ध झालंय ते मला एकटीने नाही बघायचं, चारूताई."

चारूताई आली. वाळली होती. गाडीत मागच्या सीटवर बसली आणि संगमेश्वरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

डॉ. सलमांनी पडद्यावर लिथियमच्या प्रमाणाच्या रेघा दाखवल्या. जुळीला रोजच्या चहासकट नेहमीची गोळी दिली. रेघ थोडी वर, पण ठीक. गोळीसोबत ब्राह्मीचा काढा दिला. रेघ हलली नाही. गोळीसोबत पुनर्नवेचा. किंचित वर. गोळी आणि कमी मीठ. किंचित वर. घामाने जातं तितकं पाणी कमी केलं. किंचित वर. चहातलं द्रव्य काढून घेतलं. किंचित वर. मग सगळं एकत्र केलं. रेघ पडद्याच्या माथ्याला जाऊन भिडली.

"मूत्रपिंडाला लिथियम आणि मिठातलं सोडियम यांच्यातला फरक नीट कळत नाही," डॉ. सलमा म्हणाल्या. "शरीरातलं मीठ आणि पाणी कमी झालं की ते घाबरतं. हाताला लागेल ते मीठ घट्ट धरून ठेवतं आणि त्या गडबडीत लिथियमही धरून ठेवतं. अळणी जेवणाने मीठ कमी केलं. वाफेने घामावाटे गेलं. पुनर्नवेने लघवीवाटे गेलं. आणि चहा! चहामुळे लिथियम थोडं जास्त बाहेर पडतं. तृप्तीताई, दिवसाला किती चहा पीत होतात?"

"पाच. सहा," तृप्ती ओशाळून म्हणाली.

"नऊ वर्षं तुमच्या गोळीची मात्रा त्या पाच-सहा चहांसकट बसली होती. तो एका दिवसात बंद झाला."

चारूताई पडद्याकडे बघत होती. "यातली एकही गोष्ट वाईट नाही."

"एकही नाही."

"आणि गोळीही..."

"गोळीही नाही. फक्त ही सगळी मंडळी एकमेकांना ओळखत नव्हती. कारण त्यांची ओळख करून द्यायला कुणी नव्हतं." डॉ. सलमा चारूताईकडे वळल्या. "पण एक सांगायलाच हवं. 'शुद्धी होतेय' म्हणून जे तीन दिवस गेले, ते महागात पडले असते. उलटी, जुलाब, झोक जाणं याला शुद्धी म्हणायचं नाही. त्या दिवशी तुम्ही गाडी काढलीत म्हणून या इथे बसल्या आहेत."

चारूताईने पदर डोळ्यांना लावला. तृप्तीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो तिने झटकला नाही.

"आणखी एक," डॉ. सलमा म्हणाल्या. "त्या पहिल्या रेघेकडे बघा. नुसत्या गोळीचीही रेघ जरा वरच आहे. सदतिसाव्या वर्षीचं मूत्रपिंड आणि शेहेचाळिसाव्या वर्षीचं, यात फरक पडतो. गेले काही महिने तुम्हाला थोडी जास्तच मात्रा पडत होती. कंप वाढला तो त्यानेच. आपण सावकाश खाली आणू आणि कुठे थांबायचं ते जुळी सांगेल."

महेंद्रने इतका मोठा सुस्कारा टाकला की शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघू लागली.

*

गोष्ट इथेच संपली असती. पण तृप्तीच्या डोक्यात एक किडा वळवळत होता.

"मला तिथे बरं वाटत होतं," ती पुढच्या भेटीत म्हणाली. "पहिले दहा दिवस. ते खोटं होतं का?"

"जुळी ते सांगू शकत नाही," डॉ. सलमा म्हणाल्या. "म्हणाले ना, तिला डोकं नाही. काय घातक आहे ते ती सांगते. कशाने बरं वाटतं ते तुमच्याकडूनच काढावं लागेल. तयार आहात?"

मग सोळा आठवड्यांचा एक खेळ मांडला गेला. ब्राह्मीचा काढा निर्धोक ठरला होता. तो चारूताईने करायचा. रुग्णालयाच्या औषधनिर्मात्याने त्याच रंगाचा, तितकाच कडू, पण ब्राह्मी नसलेला दुसरा काढा करायचा. कुठल्या आठवड्यात कुठली बाटली हे फक्त एका पाकिटात. तृप्तीलाही माहीत नाही, चारूताईलाही नाही. श्वासाचा वर्ग आणि उजाडतानाची फेरी लपवता येत नाही, म्हणून ती दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद. बोटातली अंगठी झोप मोजणार आणि रोज संध्याकाळी तृप्तीने मनाला दहापैकी गुण द्यायचे.

श्वासाच्या वर्गासाठी चारूताई पहाटे बुरोंडकरांच्या अंगणात येऊ लागली. पहिल्या दिवशी ती नुसतीच सूचना देत होती, पंतोजींसारखी. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "ते पाच दिवस... झोप नव्हती तेव्हा. कसं वाटायचं गं?"

तृप्तीने सांगितलं. रस्त्यावर वाटलेली कलमं सांगितली, नाव काढलेली झाडं सांगितली, नंतरचं अंथरूण सांगितलं. सांगताना मध्येच तिला हसू आलं, कारण त्या अकराशेतलं एक कलम आता गावच्या पोलीस पाटलाच्या दारात वीसेक फूट झालं होतं आणि कुठल्या जातीचं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आणि हे तू कुणालाच बोलली नाहीस," चारूताई म्हणाली.

"कुणी विचारलंच नाही. सगळे थायरॉइडचंच विचारायचे."

मार्चात पाकीट फोडलं. ब्राह्मीच्या आठवड्यांत आणि नुसत्या कडू पाण्याच्या आठवड्यांत तृप्तीच्या झोपेत आणि गुणांत काडीचाही फरक नव्हता. श्वास आणि पहाटेची फेरी चालू असलेल्या आठवड्यांत मात्र ती रोज सरासरी चाळीस मिनिटं जास्त झोपली होती आणि गुण सहावरून साडेसातवर गेले होते.

चारूताईने कागद दोनदा वाचला. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना कडू पाणी पाजलं."

"हे एकट्या तृप्तीताईंपुरतं आहे," डॉ. सलमा म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला ब्राह्मीने फरक पडत असेलही. ते त्याच्यावर बघावं लागेल. आणि खालची ओळ वाचलीत का? ती चाळीस मिनिटं तुमची आहेत. माझ्या कुठल्याही गोळीने यांना ती दिली नव्हती."

परतीच्या वाटेवर चारूताई पुढच्या सीटवर बसली आणि महेंद्रला 'हळू चालव, हळू चालव' म्हणत राहिली. आपली बहीण परत आली, हे महेंद्रला त्यावरून कळलं.

*

दसऱ्याला 'सुवर्चला' पुन्हा उघडायचं ठरलं, पण दोन बदल करून. येणाऱ्या प्रत्येकाने घेत असलेली सगळी औषधं आधी लिहून द्यायची, ती डॉ. सलमांच्या नजरेखालून जायची आणि त्यावरच कुणाला अळणी, कुणाला वाफ, कुणाला काहीच नाही हे ठरायचं. आणि केंद्रातले सगळे काढे निदान एका तरी जुळीवर तपासून घ्यायचे.

"कुणाच्या जुळीवर?" महेंद्रने विचारलं होतं.

"माझ्या," चारूताई म्हणाली होती. "दुसऱ्याला पाजायचं ते आधी मला पचायला हवं."

म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नणंद-भावजय रत्नागिरीला मिश्रण तपासणी कक्षाच्या बाकावर बसल्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी तृप्तीकडे राजापूरच्या एका शेवटच्या झाडाच्या नऊ काड्या आल्या होत्या. त्या तिने स्वतः बांधल्या होत्या आणि नऊच्या नऊ अजून हिरव्या होत्या, हे ती सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होती.

चारूताई ऐकत नव्हती. तिच्या मांडीवर अर्ज होता. नाव, वय, वजन, सगळं भरून झालं होतं. पेन एका ओळीवर थांबलं होतं: 'सध्या घेत असलेली सर्व औषधे, काढे, चूर्णे. काहीही वगळू नये.'

"काढे आठवत नाहीयेत का?" तृप्तीने विचारलं.

"काढे लिहिलेत." चारूताईने इकडेतिकडे पाहिलं. समोर एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "हे गेले ना, त्या महिन्यापासून. मला झोप येईना. तेव्हा एका डॉक्टरांनी दिली होती. एकच महिना घ्या म्हणाले होते."

तृप्ती तिच्याकडे बघत राहिली.

"अर्धी गोळी," चारूताई म्हणाली. "रोज. आठ वर्षं झाली. चिपळूणहून आणते, दापोलीत कुणी बघायला नको म्हणून. पहाटे सगळ्यांना श्वास शिकवते आणि स्वतः..." मग अगदी लहान आवाजात ती म्हणाली, "हस की. तुला हक्क आहे."

तृप्तीला वाटलं होतं, असा दिवस कधी आला तर आपल्याला राग येईल. दिवाळीचे ते सगळे फराळ आठवतील. ते आठवलेही. पण त्यांच्यामागोमाग दुसरंच काहीतरी वर आलं. स्वयंपाकघरात मागच्या बाजूला डबी सरकवणारी आणि चिपळूणच्या दुकानात पदर सावरत उभी राहणारी, अशा दोन बायका तिला दिसल्या. दोघी एकमेकींपासून लपत होत्या. तिला हसू आलंच, आणि ते इतकं मोकळं होतं की चारूताईही डोळे पुसत पुसत हसू लागली. समोरचे म्हातारे गृहस्थ दचकून जागे झाले.

"एकदम बंद करू नका हां," तृप्ती म्हणाली. "डॉक्टर सावकाश उतरवतील. अगदी पाव पाव करून. आणि पहाटेचा वर्ग आहेच. यापुढे मी घेईन तुमचा."

"महेंद्रला बोलू नकोस."

तृप्तीने अर्जावरच्या 'काहीही वगळू नये' या शब्दांवर बोट ठेवलं. चारूताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"नको," ती म्हणाली. "मीच सांगते त्याला. आज संध्याकाळी जेवायला येते तुमच्याकडे."

"मासे करते. मीठ घालून," तृप्ती म्हणाली. तिने चारूताईच्या मांडीवरचा अर्ज उचलला, हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या ओळीवर टेकवलं. "हं, सांगा गोळीचं नाव. सावकाश सांगा."

चारूताईने एक लांब श्वास घेतला, त्याच्या दुप्पट वेळ घेत सोडला आणि नाव सांगितलं.